पावसाचा अंदाज सुधारायचा म्हणजे नेमकं काय सुधारायचं?

१८८४ साली अमेरिकन लष्करात काम करणारा जॉन फिन्ली टॉर्नेडोचे अंदाज देत होता आणि काही महिन्यांनी हिशोब मांडून त्याने सांगितलं की माझे ९६.६ टक्के अंदाज बरोबर आले. ऐकायला एकदम भारी. पण त्याचे आकडे उलगडून बघितले की मजा कळते. एकूण २८०३ अंदाज, त्यातले १०० वेळा तो "येणार" म्हणाला आणि त्यातले २८ खरे ठरले. प्रत्यक्षात टॉर्नेडो आले ५१ वेळा, म्हणजे २३ वेळा तो "नाही" म्हणाला आणि टॉर्नेडो आलाच. बाकीचे २६८० म्हणजे नुसते "येणार नाही" म्हटलं आणि नाही आला, आणि टक्केवारी फुगली ती या २६८० मुळे. त्याच वर्षी दुसऱ्या एका माणसाने दाखवून दिलं की रोज डोळे मिटून "येणार नाही" म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के मिळाले असते! न आलेल्या टॉर्नेडोंचं फुकटचं श्रेय काढून टाकलं तर उरतं काय, तर १२३ पैकी २८, जेमतेम २३ टक्के.

पावसाला हे जसंच्या तसं लागू पडतं. एखाद्या जागी वर्षातले दहा टक्केच दिवस पावसाचे असतील तर कायम "कोरडं राहील" म्हणणारा माणूस ९० टक्के बरोबर. त्यामुळे कोणी "आमचं मॉडेल ९० टक्के अचूक" म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, अचूक म्हणजे कशात? पाऊस पडणार की नाही यात, किती पडणार यात, कुठे पडणार यात, की कधी पडणार यात? या चारही चुका वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे. एकीवरचा इलाज दुसरीवर वापरला तर अंदाज बिघडतो सुद्धा, ते पुढे बघूच.

आधी मुळात पाऊसच का एवढा छळतो ते बघू, कारण तापमानाचा अंदाज दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी जमतो आणि पावसाचा त्याच मॉडेलमधून, त्याच कॉम्प्युटरवर, हुकतो.

मॉडेल म्हणजे काय तर हवेच्या हालचालीची, उष्णतेची, बाष्पाची समीकरणं, जी पृथ्वीभोवती आखलेल्या चौकटींच्या जाळीवर पुढे पुढे सोडवत जायची. वारा, तापमान, दाब, बाष्प या गोष्टी मॉडेल थेट सांभाळतं. पाऊस मात्र या सगळ्याच्या शेवटी बाहेर पडतो. हवा वर गेली, थंड झाली, बाष्प मावेनासं झालं, ढग झाला, थेंब मोठे झाले, खाली येताना काही वाटेतच वाळले आणि उरले ते जमिनीवर पोचले. घरखर्चात पगार मोठा, खर्च मोठा आणि शिल्लक बारीक असते, तेव्हा पगारात किंवा खर्चात थोडी जरी गडबड झाली तरी शिल्लक दुप्पट नाहीतर शून्य होते ना, तसाच पाऊस ही या हिशोबातली शिल्लक आहे. तापमान एक अंशाने चुकलं तर कोणाला कळतही नाही, पण हवेची बाष्प धरायची क्षमता एका अंशाला साधारण ७ टक्क्यांनी बदलते, आणि खालच्या थरात जेमतेम टोचल्यावर फुटेल अशी परिस्थिती असेल तर तेवढ्या फरकाने ढग फुटतो किंवा अजिबात फुटत नाही.

त्यात पाऊस ठिपक्यांमध्ये पडतो. २५ किलोमीटर बाजूची चौकट घ्या आणि तिच्या फक्त ५ टक्के भागावर ६० मिलिमीटर कोसळला, बाकी कोरडं ठणठणीत, असं समजा. चौकटीची सरासरी झाली ३ मिलिमीटर. मॉडेलने ३ सांगितलं तर ते शंभर टक्के बरोबर आहे, पण त्या चौकटीतला एकही माणूस ते मान्य करणार नाही कारण कोणाकडेच ३ पडला नाही, एकाकडे ६० आणि बाकी एकोणीस जणांकडे शून्य. अंदाज चुकला की बरोबर आला या भांडणातला निम्मा भाग इथेच संपतो खरं तर.

सुरुवातच चुकली तर

लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात हाताने आकडेमोड करून अंदाज काढायचा प्रयत्न केला, तारीख निवडली २० मे १९१० आणि उत्तर आलं की सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. १९२२ मध्ये त्याने हे सगळं प्रामाणिकपणे छापलं. अनेक दशकांनी पीटर लिंच यांनी तीच गणितं पुन्हा केली तेव्हा कळलं की पद्धतीत फारसा घोळ नव्हता. सुरुवातीला भरलेले वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते आणि तो बेबनाव गणितात फुगत गेला. सुरुवातीचा डेटा नीट समतोल करून घेतल्यावर उत्तर शहाण्यासारखं आलं.

आजही अंदाज सुधारायची सगळ्यात मोठी जागा हीच, आत्ता या क्षणी वातावरण कसं आहे ते मॉडेलला नीट सांगणं. याला डेटा अ‍ॅसिमिलेशन म्हणतात. मॉडेलचा मागचा अंदाज आणि ताजी निरीक्षणं दोन्ही घ्यायची, कोणावर किती भरवसा ते ठरवायचं आणि दोघांच्या मधली, पण भौतिक नियमांत बसणारी अशी एक अवस्था काढायची. युरोपियन केंद्राने (ईसीएमडब्ल्यूएफ, युरोपातल्या देशांचं हवामान अंदाजाचं सामायिक केंद्र) १९९७ मध्ये फोर-डी-व्हार नावाची पद्धत रोजच्या कामात आणली. तिच्यात एका क्षणाची निरीक्षणं धरून न बसता काही तासांच्या पट्ट्यातली सगळी निरीक्षणं ज्या एका सलग वाटेवर बसतात ती वाट शोधली जाते, म्हणजे दुपारी दोनला सॅटेलाइटने काहीतरी पाहिलं तर त्यावरून सकाळी नऊला वारा कसा असला पाहिजे हे सुद्धा दुरुस्त होतं.

ढगाळ भागातला सॅटेलाइट डेटा तर बराच काळ सरळ फेकून दिला जायचा! कारण ढगातून येणाऱ्या मायक्रोवेव्ह सिग्नलचा अर्थ लावणं अवघड, चुकीचा अर्थ लावला तर मॉडेल बिघडायचं, मग नकोच ते. म्हणजे जिथे पाऊस आहे नेमकं तिथलंच निरीक्षण कचऱ्यात. २००९ पासून युरोपियन केंद्राने ढगांसकट सगळं वापरायला सुरुवात केली आणि मग तीच निरीक्षणं बाष्पासाठी आणि वाऱ्यासाठी सुद्धा कामाची ठरली. माझ्या मते गेल्या वीसेक वर्षांतली ही सगळ्यात कमी गाजलेली आणि सगळ्यात उपयोगी सुधारणा आहे. नवीन मॉडेल आलं की बातमी होते, जुना टाकून दिलेला डेटा उचलला याची होत नाही.

बरं, रडार तरी आहे ना, ते तर पाऊस थेट दाखवतं? नाही दाखवत. रडारला दिसतो प्रतिध्वनी, आणि तो थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर चालतो, तर थेंबातलं पाणी तिसऱ्या घातावर. हे एकदा आकड्यात करून बघा. १ मिलिमीटरचा थेंब आणि २ मिलिमीटरचा थेंब घेतला तर मोठ्यात पाणी आठपट पण प्रतिध्वनी चौसष्टपट. म्हणजे एक मोठा थेंब आणि चौसष्ट छोटे थेंब रडारला सारखेच दिसणार, पण छोट्यांमध्ये मिळून पाणी मोठ्याच्या आठपट. त्यामुळे एकाच रंगाच्या ठिपक्याखाली रिमझिमीचा भरपूर पाऊस असू शकतो किंवा मोजक्या टपोऱ्या थेंबांचा किरकोळ. १९४८ पासून मार्शल आणि पामर यांचं एक सूत्र वापरात आहे, ते सरासरीला ठीक आहे, एकेका ढगाला नाही. वरून येणारा बर्फ जिथे वितळतो त्या थरात कण बाहेरून ओले होतात आणि रडारला ते प्रचंड थेंब वाटतात, तिथे पाऊस उगाच फुगतो. आडवी आणि उभी अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडणारी रडारं आली तेव्हापासून थेंबाचा चपटेपणा कळतो (मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो) आणि अंदाज बराच सुधारतो.

मग शेवटी पर्जन्यमापक, साधं भांडं. ते खरं बोलतं, वाऱ्यात थोडं कमी बोलतं एवढंच. पण आहेत किती? जागतिक संग्रहात ज्यांची नोंद येते त्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर अर्धं फुटबॉलचं मैदान सुद्धा भरत नाही. समुद्रावर तर जवळपास काहीच नाही. म्हणून २०१४ मध्ये सोडलेल्या जीपीएम सॅटेलाइटसारख्या गोष्टींचं महत्त्व, अंतराळातून रडारने पाऊस बघायचा आणि बाकी सॅटेलाइटांचे आकडे त्याच्याशी जुळवून घ्यायचे.

जाळी बारीक केली की झालं?

लोकांना वाटतं रिझोल्यूशन वाढवा, म्हणजे चौकटी लहान करा, प्रश्न मिटला. काही अंशी खरं आहे. युरोपियन केंद्राचं जागतिक मॉडेल ९ किलोमीटरवर चालतं, अमेरिकेचं जीएफएस साधारण १३ वर, २०२५ मध्ये भारताने ६ किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू केली. पण जाळी निम्मी केली की खर्च निम्म्याने वाढत नाही, आडव्या दोन दिशांत चारपट चौकटी होतात, वर वेळेची पावलं निम्मी घ्यावी लागतात, म्हणजे आठपट, आणि उभे थर वाढवले तर सोळापट.

आणि ९ किलोमीटरच्या चौकटीत गडगडाटी ढगाचा वर उसळणारा प्रवाह मावतच नाही, तो असतो एक-दोन किलोमीटर रुंद. म्हणून मॉडेलमध्ये एक वेगळा भाग लिहिलेला असतो जो सांगतो की या चौकटीत अशी अशी परिस्थिती असेल तर आत कुठेतरी ढग फुटले असतील असं धर आणि त्यांचा एकूण परिणाम एवढा. याला पॅरामीटरायझेशन म्हणतात, म्हणजे शिकून सवरून केलेला अदमासच. पावसाच्या बऱ्याच नेहमीच्या चुका इथूनच निघतात. उदाहरणार्थ जमिनीवर उन्हाने तापून होणारा पाऊस खरा पडतो दुपारनंतर, संध्याकाळी, पण कित्येक मॉडेलं तो भर दुपारी बाराच्या आसपासच पाडून मोकळी व्हायची, कारण ऊन तापलं की लगेच तो अदमासी नियम चालू व्हायचा, ढगाला वाढायला जो वेळ लागतो तो नियमात नव्हताच. युरोपियन केंद्राने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये हा नियम बदलला आणि पावसाची वेळ बरीच पुढे सरकली, जाळी तेवढीच ठेवून.

दुसरी सवय म्हणजे सतत रिमझिम. २०१० मध्ये सॅटेलाइटच्या निरीक्षणांशी ताडून दाखवलं गेलं की जागतिक मॉडेलं प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट वेळा पाऊस पाडतात आणि फार हलका पाडतात. एकूण बेरीज जुळते, म्हणून बरीच वर्षं कोणाला खुपत नव्हतं.

तीन-चार किलोमीटरच्या खाली गेलं की तो अदमासी भाग बंद करता येतो आणि मॉडेल मोठे ढग स्वतःच घडवतं. अमेरिकेचं एचआरआरआर हे मॉडेल ३ किलोमीटरवर आहे. असा पाऊस दिसायलाही खऱ्यासारखा, ओळी, गठ्ठे, कडक सरी. पण आता नवीन भानगड. समजा खऱ्या जागेपासून २० किलोमीटर बाजूला बारीक मॉडेलने अगदी हुबेहूब सर दाखवली. गुण देताना काय होतं? जिथे खरा पाऊस पडला तिथे दाखवला नाही म्हणून एक मार, जिथे दाखवला तिथे पडला नाही म्हणून दुसरा मार. ज्या मॉडेलने पाऊस दाखवलाच नाही त्याला एकच मार! म्हणजे काहीच न सांगणारा वरचढ. यावर उपाय म्हणून २००८ मध्ये रॉबर्ट्स आणि लीन यांनी असं मोजायला सुचवलं की एकेक चौकट ताडू नका, आजूबाजूचा १०, ५०, १०० किलोमीटरचा परिसर घ्या आणि त्यातला किती भाग ओला होता याची तुलना करा. मग कळतं की हे मॉडेल ५० किलोमीटरच्या पातळीवर भरवशाचं आहे पण ५ च्या नाही, आणि मग ते ५ किलोमीटरच्या बारकाव्याने लोकांना दाखवायचंच नाही.

याच्या मागे एक खोल कारण आहे. एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६९ मध्ये मांडलं की चुका लहान आकारात फार वेगाने वाढतात आणि तिथून मोठ्या आकारात चढत जातात. हजार किलोमीटरच्या प्रणालीचा माग बरेच दिवस आधी लागतो, एकट्या गडगडाटी ढगाचा फार तर काही तास. जाळी बारीक करून तुम्ही अशाच गोष्टी मॉडेलमध्ये आणता ज्यांचा अंदाज लवकर शिळा होतो.

मॉडेलला हात न लावता

हा माझा आवडता भाग, कारण इथे सुपरकॉम्प्युटर लागत नाही. मॉडेलला सवयी असतात आणि सवय ओळखली की वळवता येते. १९७२ मध्ये ग्लान आणि लोरी या दोघांनी याची व्यवस्थित पद्धत छापली, मॉडेलचे जुने अंदाज आणि त्या दिवसांची खरी नोंद शेजारी ठेवायची आणि दोघांमधलं नातं काढायचं. फक्त त्यासाठी जुने अंदाज साठवलेले पाहिजेत, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. पडलेल्या पावसाची नोंद सगळे ठेवतात, आदल्या दिवशी मॉडेल काय म्हणालं होतं ते कोणी ठेवत नाही. शिवाय मधेच मॉडेल बदललं की जुन्या सवयी लागू होत नाहीत, म्हणून मोठी केंद्रं नव्या मॉडेलने गेल्या वीसेक वर्षांचे अंदाज पुन्हा चालवून देतात, केवळ सवयी मोजता याव्यात म्हणून.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा एका ठिकाणचे १००० दिवस आहेत. पर्जन्यमापकात ३५० दिवस पाऊस आहे, मॉडेलमध्ये ६०० दिवस, तीच ती रिमझिमीची सवय. मॉडेलचे १००० आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि ३५० वा बघा, समजा तो निघाला २.४ मिलिमीटर. म्हणजे मॉडेल २.४ पेक्षा कमी बोललं तर कोरडं धरायचं. झाली पहिली दुरुस्ती. मग वरचे आकडे. मॉडेलमधला ५० वा सगळ्यात मोठा दिवस २२ चा आणि पर्जन्यमापकातला ५० वा ४१ चा असेल तर मॉडेलने २२ म्हटलं की आपण ४१ वाचायचं. १० वा मॉडेलमध्ये ३५ आणि खरा ७८, तर ३५ ला ७८. असं प्रत्येक क्रमांकाला करत गेलं की मॉडेलच्या पावसाचा स्वभाव तिथल्या खऱ्या पावसासारखा होतो. याला क्वांटाइल मॅपिंग म्हणतात आणि एखाद्या स्प्रेडशीटमध्ये सुद्धा होतं.

पण मघाशी म्हटलं ते इथे आडवं येतं. या पद्धतीने फक्त प्रमाणाची चूक सुधारते. मॉडेलने भलत्याच दिवशी २२ दाखवला आणि प्रत्यक्षात शून्य पडला तर आधी चूक २२ ची होती, आता ४१ ची झाली! दिवस आणि जागा हुकलेल्या अंदाजाला ही पद्धत आणखी जोरात ओरडायला लावते, बस्. उलट साधी सरासरी चूक कमी करायची म्हणून रिग्रेशन (जुन्या आकड्यांवर कमीत कमी चुकेल असं बेतलेलं सूत्र) लावलं तर ते प्रत्येक शंकेच्या दिवशी मधला आकडा देतं, ना ० ना ८०, कायम १२ नाहीतर १५, आणि मोठा पाऊस अंदाजातून गायबच होतो. दोन्हीपैकी चांगलं कुठलं, तर तुम्हाला काय हवंय त्यावर. वर्षभरात धरणात किती पाणी येईल, किती दिवस अतिवृष्टीचे असतील असा हिशोब असेल तर पहिलं. उद्याच्या आकड्यात कमीत कमी चूक हवी असेल तर दुसरं. हे न ठरवता "बायस करेक्शन केलं", म्हणजे मॉडेलची नेहमीची चूक काढली, असं म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

याच्याही पुढचं शहाणपण म्हणजे रोजची परिस्थिती बघून दुरुस्ती बदलणं. वारा मंद आणि पाऊस गडगडाटी असेल तर एका चौकटीत कुठे धो धो कुठे काहीच नाही असं होणार, वारा जोराचा आणि पाऊस मोठ्या प्रणालीचा असेल तर चौकटभर साधारण सारखाच पडणार. मॉडेलने दोन्ही दिवशी १० मिलिमीटरच सांगितलं तरी पहिल्या दिवशी "बऱ्याच जागी शून्य, एखाद्या जागी ५०" असं वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी "८ ते १२". युरोपियन केंद्राचं ईसीपॉइंट याच तत्त्वावर चालतं, आणि त्याची गंमत म्हणजे एका जागेची दुरुस्ती करायला त्याच जागेची लांबलचक नोंद लागत नाही, तशीच परिस्थिती जगात जिथे जिथे झाली तिथला डेटा चालतो. अतिवृष्टीला याचाच आधार, कारण एकाच ठिकाणच्या इतिहासात असे दिवस चार-दोनच सापडतात आणि चार दिवसांवरून काही शिकणं म्हणजे मनाचे खेळ.

एक नाही, पन्नास अंदाज

सुरुवातीचा डेटा कधीच पूर्ण बरोबर नसणार हे मान्य केलं की पुढची पायरी आपोआप येते. थोडी थोडी वेगळी सुरुवात देऊन मॉडेल पुन्हा पुन्हा चालवा आणि उत्तरं किती पांगतात ते बघा. डिसेंबर १९९२ मध्ये युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे हे एन्सेम्बल रोजच्या कामात आलं, युरोपचं आज ५१ अंदाजांचं आहे.

तापमानाला या ५१ ची सरासरी घेतली की छान काम होतं. पावसाला घेऊ नका. एकाने पाऊस इथे दाखवला, दुसऱ्याने ३० किलोमीटर पलीकडे, तिसऱ्याने आणखी कुठे, प्रत्येकी ८० मिलिमीटर, आणि सरासरी काढली की सगळ्या भागावर पसरलेला पाच-सात मिलिमीटरचा चिखल. ५१ पैकी एकानेही जे सांगितलं नाही ते सरासरी सांगते. यावर एक छान युक्ती आहे, सरासरीतून फक्त जागांचा क्रम घ्यायचा, म्हणजे सगळ्यात जास्त कुठे, त्याखालोखाल कुठे, आणि आकडे मात्र मूळ अंदाजांच्या एकत्र यादीतून उतरत्या क्रमाने त्या जागांवर बसवायचे. जागा सगळ्यांच्या सहमतीची, जोर खऱ्या पावसाचा.

आणि एन्सेम्बल बहुतेक वेळा पुरेसं पांगत नाही. सगळे सदस्य एकाच मॉडेलचे, त्यामुळे एकच चूक एकसुरात करतात, आणि खरा पाऊस वारंवार सगळ्या ५१ च्या बाहेर पडतो. मग मॉडेलच्या आतल्या अदमासी नियमांनाही थोडे धक्के देतात, किंवा वेगवेगळ्या केंद्रांची मॉडेलं एकत्र करतात, किंवा नंतर आकडेशास्त्राने पसारा वाढवतात.

आणि एआय?

२०२३ मध्ये पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट आले आणि दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत निघू लागला. दाब, वारा, तापमान यात त्यांनी मातब्बर मॉडेलांना गाठलं, बऱ्याच बाबतीत मागेही टाकलं. पावसात मात्र हात आखडता होता आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे ही मॉडेलं शिकली ईआरए-फाइव्ह नावाच्या जुन्या हवामानाच्या संग्रहावर, आणि त्यातला पाऊस बहुतेक ठिकाणी मोजलेला नाहीच, तो जुन्या भौतिक मॉडेलने थोड्या तासांसाठी काढलेला अंदाज आहे! म्हणजे रिमझिमीची सवय गुरूकडून शिष्याकडे. दुसरं म्हणजे त्यांना शिकवताना सरासरी वर्ग-चूक (प्रत्येक चुकीचा वर्ग करून काढलेली सरासरी) कमी करायला सांगितलं, आणि मघाचा दुहेरी मार आठवा, जागा नक्की नसेल तर सगळ्यात सुरक्षित उत्तर म्हणजे पुसट धब्बा. मशीनने तेच शिकलं. यात मशीनचा दोष काय, आपण विचारलं तेच त्याने दिलं.

म्हणून आता विचारण्याची पद्धत बदलतेय. २०२१ मध्ये डीपमाइंड आणि ब्रिटिश मेट ऑफिस यांनी पुढच्या दीड तासाच्या पावसासाठी एक मॉडेल केलं जे रडारची चित्रं बघून पुढची अनेक शक्य चित्रं स्वतः काढतं, पुसट नाही, कडक. पन्नासहून जास्त अनुभवी अंदाजकारांना नावं न सांगता तुलना करायला दिली तेव्हा ८९ टक्के वेळा त्यांनी याला पहिला नंबर दिला. युरोपियन केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपलं एआय मॉडेल रोजच्या कामात आणलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचं एन्सेम्बल, ज्याला शिकवतानाच पूर्ण शक्यतांच्या पसाऱ्यावर गुण दिले जातात, एका आकड्यावर नाही. पण सुरुवातीची अवस्था यांनाही जुन्याच पद्धतीच्या अ‍ॅसिमिलेशनमधून मिळते, त्यामुळे रडार, सॅटेलाइट, ते साधं भांडं, कोणाचीच सुट्टी झालेली नाही.

३० टक्के म्हणजे काय

या सगळ्यातून शेवटी लोकांपुढे येते शक्यता, आणि तिचा खरेपणा तपासणं सोपं आहे. ज्या ज्या दिवशी ३० टक्के म्हटलं ते सगळे दिवस गोळा करा, त्यातल्या साधारण ३० टक्के दिवशी पाऊस पडला पाहिजे. पडला ४५ टक्के दिवशी, तर यापुढे मॉडेलच्या ३० ला ४५ वाचा. एवढीच ती दुरुस्ती. एका दिवशी ३० टक्के म्हटलं आणि पाऊस पडला म्हणून अंदाज चुकला असं म्हणता येत नाही, आणि नाही पडला म्हणून बरोबर आला असंही नाही. मात्र रोज हवामानाची जुनी सरासरीच शक्यता म्हणून सांगणारा या परीक्षेत पास होतो आणि कामाला शून्य येतो, म्हणून आकडे ० आणि १०० कडे जितके धाडसाने जातील, आणि तरी खरे ठरतील, तितका अंदाज चांगला.

आणि हा आकडा वापरायचा कसा याचं एक साधं गणित आहे. काळजी घ्यायचा खर्च भागिले काळजी न घेतल्यास होणारं नुकसान. झाकायला खर्च १ आणि भिजलं तर नुकसान १० असेल तर शक्यता १० टक्क्यांच्या वर गेली की झाकायचं. ज्याचा खर्च ५ आणि नुकसान १० त्याने ५० टक्क्यांपर्यंत थांबायचं. आता समजा एन्सेम्बलने मोठ्या पावसाची शक्यता ८ टक्के दिली आणि जुन्या नोंदींवरून दुरुस्त केल्यावर ती १४ झाली. नुसतं "पडेल की नाही" विचारणाऱ्याला काहीच बदललं नाही, उत्तर आधीही "नाही" आणि आताही "नाही". दुसऱ्या माणसालाही फरक नाही, तो ५० च्या आत आहे. पहिल्याने मात्र आधी उघडं ठेवलं असतं, आता तो झाकणार.